तीन हजारांचा फरक

२०१७चा ऑगस्ट. ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानात पोचेपर्यंत मी आणि बाबा दोघंही भिजलो होतो. काउंटरवर मदरबोर्डचे दोन खोके. एक ए३२० चिपसेटचा, दुसरा बी३५०चा. बाबांनी विचारलं, “फरक काय?”

“तीन हजार,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. “पैशांचा नाही विचारला.”

मग मी पाठ केलेलं सांगितलं. बी३५०वर रायझन ओव्हरक्लॉक करता येतो, ए३२०वर नाही. चिपसेटच्या पीसीआय-ई लेन तिकडे सहा, इकडे चार. सगळ्यात वेगवान यूएसबी पोर्ट तिकडे दोन, इकडे एक. दोन ग्राफिक्स कार्डांत लेन वाटून देणारा एक्स३७०सुद्धा होता, पण त्याचं नाव काढायची हिंमत नव्हती.

“ओव्हरक्लॉक करून तू करणार काय?”

मला उत्तर देता आलं नाही. ए३२० घेतला. दादरला गाडी बदलून कल्याण येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. खोका त्यांच्याच मांडीवर होता.

कंप्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असूनही मला एक साधी गोष्ट उमगली नव्हती. रायझनमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेन थेट प्रोसेसरमधून निघतात. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच, एनव्हीएमई एसएसडीच्या चार लेनही तिथूनच. चिपसेटकडे उरतात जास्तीचे यूएसबी, साटा, नेटवर्क वगैरे, आणि ते सगळं चार लेनच्या एकाच वाटेने प्रोसेसरकडे जातं. ओव्हरक्लॉक सोडला तर माझा कोड दोन्ही बोर्डांवर सारख्याच वेळात कंपाइल झाला असता. स्वस्त बोर्डाची खरी काटकसर बहुतेकदा चिपसेटमध्ये नसतेच. ती प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात आणि रॅमच्या दोनच स्लॉटमध्ये असते. आम्ही मुलं मात्र चिपसेटच्या अक्षरावरून एकमेकांची जात ठरवायचो.

त्या महिन्यात बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं, हे आईने फार नंतर सांगितलं.

२०२२मध्ये एएमडीने ३०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० चालवायची वाट मोकळी केली. वीज जाईल या धास्तीत मी बायोस अपडेट केला आणि त्याच ए३२०वर ५६०० बसवला. पहिल्या झटक्यात चालू झाला.

आता बाबा त्यावर सोसायटीचे हिशेब करतात. परवा मी माझ्यासाठी नवा बोर्ड घ्यायचं काढलं, तर त्यांनी चष्मा लावून दोन चिपसेटची तुलना स्वतःच वाचायला घेतली. सध्या पीसीआय-ईपाशी अडले आहेत.