आमचे श्रावणातील वाचन

जुलै महिन्याची अखेर होती. बाहेर सिल्वासाचा पाऊस कोसळत होता आणि नववीच्या वर्गात आम्ही मराठीचा तास घेत होतो. मागच्या बाकावरील एका मुलास आम्ही उभे करून धडा वाचावयास सांगितले. तो एकेक अक्षर लावीत, अडखळत, मध्येच थांबत वाचू लागला. चार ओळींना त्याने इतका वेळ घेतला की आमचा संयम सुटला. "अरे, वाचन म्हणून काही करीत नाहीस, मग दुसरे काय होणार?" असे आम्ही जरा चढ्या स्वरात म्हणालो. मुलगा खाली बसला. मग पुन्हा उभा राहिला आणि अगदी सरळ मनाने, उद्धटपणाचा लवलेशही न दाखविता, त्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही या महिन्यात काय वाचलंत?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर आमच्यापाशी नव्हते. सबंध जुलै महिन्यात आम्ही वाचले होते ते उत्तरपत्रिका, परिपत्रके आणि मोबाइलच्या पडद्यावरील इकडचे तिकडचे निरोप. कला शाखेची पदवी घेतलेला, मराठी शिकविणारा गृहस्थ महिन्याकाठी एकही पुस्तक वाचीत नाही, ही गोष्ट त्या दिवशी आमच्या ध्यानात आली आणि रात्री झोप काही नीट लागली नाही.

तेव्हा ठरविले की श्रावण हाताशी आहे, तो वाचनात घालवावयाचा. एकाच प्रकारचे न वाचता निरनिराळ्या प्रकारचे वाचावयाचे, आणि कोणी पुन्हा विचारलेच तर खरे काय ते सांगावयाचे. पुढील हकिगत हे ते उत्तर होय.

आरंभ केला तो एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीने. साठ पानांपर्यंत तलवारींचा खणखणाट आणि नायकाच्या छातीचे वर्णन यांपलीकडे काही घडेना, तेव्हा ती मिटून ठेवली. पुस्तक अर्धवट सोडणे हे पाप आहे असे आमचे एक शिक्षक म्हणत असत. आम्हांस ते पटत नाही. नावडती भाजी ताटात टाकू नये हे खरे. पण पुस्तक टाकल्याने कोणाचे अन्न वाया जात नाही.

दोन ऑगस्ट हा आमच्या प्रदेशाचा मुक्तिदिन. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले; त्याआधी जुलैत दादरा आणि नरोली मोकळी झाली होती. सुधीर फडके हे गायक व संगीतकार या मोहिमेत स्वतः सामील होते, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांस ठाऊकच नसते. म्हणून त्या दिवशी त्यांचे 'जगाच्या पाठीवर' हे आत्मचरित्र काढले. ते अपुरेच राहिले आहे. गोड गळ्याच्या माणसाने उपाशीपोटी काढलेले दिवस, गावोगावची वणवण आणि अपमान, हे त्यात इतक्या सरळपणे येते की वाचताना आपणच ओशाळतो. ज्यांची गाणी आमच्या आईच्या ओठांवर असत, त्यांच्या पोटात त्या काळी काय होते हे आम्हांस कधी सुचलेही नव्हते.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली. खरे म्हणजे पुन्हा वाचली. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही लहानशी कादंबरी आम्ही महाविद्यालयात परीक्षेसाठी वाचली होती आणि तिच्यातील 'प्रादेशिक विशेष' पाठ करून गुणही मिळविले होते. आता दहाबारा वर्षे शिक्षकी केल्यावर ती हाती घेतली, तेव्हा ती निराळीच निघाली. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा आहे पण मुले नाहीत. मुले मेंढरांमागे गेलेली. मग तो म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मदतीने मुले गोळा करतो. हळूहळू वाडीची कामेही त्याच्याच गळ्यात पडतात: कोणाचे पत्र, कोणाचे शहरातील लहानसहान काम, कोणाचे भांडण. वाडीसाठी तो तालीम बांधवून घेतो. आणि शेवटी दुष्काळ येतो व वाडी उठून जाते.

महाविद्यालयात असताना आम्हांस हा शेवट 'परिणामकारक' वाटला होता. यंदा तो वाचून पुस्तक मांडीवर ठेवून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. आमच्याही वर्गातून दिवाळीनंतर काही मुले नाहीशी होतात. घरची माणसे कामासाठी बाहेरगावी निघतात आणि मुले त्यांच्याबरोबर. हजेरीपटावर आम्ही त्यांच्या नावापुढे रेघ ओढतो, एवढेच. त्या मास्तराने निदान दारोदार जाऊन मुले बोलावली होती. आम्ही किती पाड्यांवर गेलो? मोजावयास एका हाताची बोटेही जास्त होतील.

असो. मनाचा भार हलका करण्यासाठी म्हणून जयंत नारळीकरांकडे वळलो. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले, तेव्हापासून त्यांच्या विज्ञानकथा पुन्हा वाचावयाच्या मनात होते. त्यांची पहिली कथा त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव त्यांनी बनविले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण परीक्षकांनी आपले नाव पाहून गुण देऊ नयेत ही दक्षता! 'उजव्या सोंडेचा गणपती' या त्यांच्या कथेत डावे ते उजवे आणि उजवे ते डावे होण्याची गंमत आहे. गणपती जवळ आले होते, म्हणून ती वर्गात सांगितली आणि मुलांकडून कागदाची पट्टी करवून घेतली. लांब पट्टी घ्यावी, तिला अर्धा पीळ द्यावा व टोके चिकटवावीत. मग तिच्या मध्यावरून पेन्सिलीने रेघ ओढीत जावे. पेन्सिल न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून आरंभाच्या ठिकाणी येते, कारण त्या पट्टीस दोन बाजू उरलेल्याच नसतात. त्या रेघेवरून कात्रीने कापल्यास दोन कडी होतील अशी सर्वांनी पैज लावली. झाले एकच, दुप्पट लांबीचे. आमचा मागच्या बाकावरील मित्र त्या दिवशी सर्वांत आधी पट्टी कापून मोकळा झाला होता. हात त्याचे अडखळत नाहीत, ही नोंद आम्ही मनाशी केली.

कवितेसाठी बहिणाबाई चौधरी यांची गाणी निवडली. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. घरकाम करता करता त्या रचीत आणि घरातील मुलगे ती टिपून ठेवीत. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी पुस्तकरूपाने आली. आमच्या तोंडी ती खानदेशी बोली काही केल्या बसेना. वर्गातील एका मुलीचे वडील जळगावकडून येथील कारखान्यात कामास आलेले आहेत. तिला पुस्तक दिले, तर तिने असे म्हणून दाखविले की शेजारच्या वर्गातील बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दहा मिनिटे ती शिक्षिका होती आणि आम्ही विद्यार्थी.

आता सांगावयाचे ते जरा लाजिरवाणे आहे. आम्ही मूळचे गोव्याचे, फोंड्याकडचे. घरात कोंकणी, शाळेत मराठी. गेल्या सुट्टीत गावाहून रवींद्र केळेकर यांचे 'हिमालयांत' हे कोंकणी प्रवासवर्णन आणले होते. केळेकर हे ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे पहिले कोंकणी लेखक. आपल्याच भाषेतील पुस्तक, दोन दिवसांत संपवू, अशा घमेंडीत बसलो आणि पहिल्याच पानावर ठेचाळलो! जी भाषा आम्ही आईच्या मांडीवर शिकलो, ती छापलेली पाहण्याची डोळ्यांस सवयच नव्हती. एकेक शब्द ओठांनी उच्चारून पाहावा तेव्हा कोठे ओळख पटे. आईचा फोन आला, "कितें वाचता रे तूं?" असे तिने विचारले, आणि आम्ही एक परिच्छेद तिला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. मध्येच ती हसून म्हणाली की तू तर पहिलीतल्या पोरासारखा वाचतोस.

तिच्या हसण्याने आम्हांस मागचा बाक आठवला. त्या मुलाच्या घरी वारली बोलतात. बाजारात त्याच्या कानी गुजराती पडते, चित्रपटात हिंदी, आणि पुस्तकात आमची मराठी. आम्ही पदवीधर असून घरच्या भाषेच्या छापील पानावर अडखळलो. तो पंधरा वर्षांचा पोर बाहेरच्या भाषेच्या पानावर अडखळला. आम्हांला हसणारी आई होती. त्याला आम्ही होतो. (जाता जाता एक गंमत. आम्ही कोंकणी आहोत असे समजल्यावर वर्गातील एक कोकणा मुलगा आनंदाने म्हणाला, "म्हणजे गुरुजी, तुम्ही आमच्यातलेच!" त्याची जमात कोकणा आणि आमची भाषा कोंकणी, हे दोन भिन्न प्रकार आहेत असे समजावून सांगण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.)

शेवटचे पुस्तक गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० साली निघालेल्या या पुस्तकास पुढे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यात आहे ती १९४५ नंतरची आपल्या शेजारची हकिगत: तलासरी, डहाणू आणि तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला उंबरगाव तालुका. आमच्या मोटारी मुंबईस ज्या रस्त्याने जातात त्याच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावे आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर त्याच्या घरी राबावे. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. शिवाय वेठ, म्हणजे बिनमजुरीचे काम, होतेच. पुण्यात वाढलेली, वकिलीचे शिक्षण घेतलेली ही बाई त्या वारल्यांच्या झोपड्यांत राहिली, त्यांच्या भाकरीत वाटेकरी झाली आणि त्यांची सभा भरविली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मेले. लेखिकेच्या सर्वच राजकीय मतांशी आम्ही सहमत होऊ असे नाही. पण वेठ बंद झाली हे मत नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे. माणसाला प्रथमच 'नाही' म्हणता येते, तेव्हा त्याचा आवाज कसा फुटतो, हे त्या पानांतून ऐकू येते.

हे पुस्तक आम्ही त्या मुलास दिले. देताना मागच्या महिन्यातील चढ्या स्वराबद्दल चार शब्द बोलावे असे मनात होते, पण ते जमले नाही. "घरी मोठ्याने वाच, कोणी ऐकणारे असेल तर," एवढेच म्हणालो. तो वसतिगृहात राहतो आणि शनिवारी दुपारी खानवेलच्या पलीकडे आपल्या पाड्यावर जातो. सोमवारी आला तेव्हा आम्ही विचारले, "किती वाचलंस?"

"चार पानं. आजीला वाचून दाखवली. मराठी शब्द अडला की मी वारलीत सांगतो."

"आजी काय म्हणाली?"

तो क्षणभर थांबला. "म्हणाली, ही बाई जेवायची कुणाच्या घरी, ते आधी बघ."

आम्ही इतकी वर्षे पुस्तकांवर प्रश्न काढीत आलो आहोत. संदर्भासह स्पष्टीकरण, स्वभावचित्र, सारांश. हा प्रश्न आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही. ते कोणत्या पानावर आहे ते आम्ही त्यास सांगितले नाही. तुलाच सापडेल, म्हणालो. पुढच्या सोमवारी त्याला ते सापडले होते.

पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाचे असून आमच्या नावावर आहे. हा अंक छापावयास जात असता ते परत आलेले नाही. ग्रंथपालांनी दोन वेळा विचारणा केली. दोन्ही वेळा आम्ही सांगितले की वाचन चालू आहे.