काकूंची न्हाणी

पुण्याहून राजापुरास जावयाचें म्हणजे बहुतेक मंडळी कोल्हापूर गांठून गगनबावड्याच्या वाटेनें उतरतात. आमच्या यजमानांना मात्र कऱ्हाड-मलकापूरवरून अणुस्कुऱ्याचा घाटच प्रिय. घाटमाथ्यावरचा बोचरा वारा एकाएकीं मागें राहतो, खालीं पाचलच्या अंगास कापणी उरकलेलीं भातखाचरें दिसूं लागतात, आणि दमट, गवती वास गाडींत शिरला कीं त्यांची कळी खुलते. 2023 सालच्या दिवाळींत आम्ही ह्याच वाटेनें घरीं गेलों. बरोबर माझी कन्या होती, आणि तिच्या पेटींत कपड्यांपेक्षां बरण्या अधिक होत्या.

त्या बरण्यांविषयीं आधीं सांगितलें पाहिजे. एकींत मुलतानी माती, दुसरींत संत्र्याच्या सालीचें चूर्ण, तिसरींत कोरफडीचा गर, आणि चौथींत साखर, मीठ व खोबरेल ह्यांचें अंगास चोळावयाचें मिश्रण. आठवडाभर कचेरींत राबल्यावर रविवारीं तासभर दार लावून घ्यावें आणि आपल्याच अंगाचे थोडे लाड करावे, अशी ह्या पिढीच्या मुलींची रीत आहे. मला त्यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. आमच्या आयांना तो एक तास कोणी दिला नाहीं, एवढेंच. मात्र डब्यावर ‘नैसर्गिक’ हा शब्द छापलेला दिसला कीं ह्या मुली पुढचें कांहीं वाचीत नाहींत, ही माझी तक्रार. तिचें कारण पुढें येईलच.

राजापूर हें अर्जुना आणि कोदवली ह्या नद्यांच्या काठचें जुनें बंदर. इंग्रजांची येथें वखार होती, ती 1661 सालीं शिवाजी महाराजांनीं लुटली. आतां गांवाचें नांव घेतलें कीं लोकांना आठवते ती गंगा, साधारण तीन वर्षांनीं प्रगट होणारी आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां गुप्त होणारी. त्या गंगेच्या जवळच उन्हाळें म्हणून ठिकाण आहे. तेथें ऊन पाण्याचा झरा आहे, म्हणून हें नांव.

धनत्रयोदशीच्या सकाळीं मुलीला घेऊन मी तेथें गेलें. बाहेर हवेंत गारवा, आणि पाण्यावर वाफ. पाय बुडवितांच ती म्हणाली, “आई, हा तर डोंगरानें लावलेला बंब!” सह्याद्रि ज्वालामुखीच्या रसाचा झालेला, तेव्हां त्याच्या पोटांत अजून विस्तव असणारच, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो रस सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. तो केव्हांच निवला. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल जातें, तेथें भूगर्भाच्या उष्णतेनें तापतें आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीकडचें उन्हवरे, संगमेश्वराजवळचें तुरळ आणि राजवाडी हीं सगळीं ह्याच मालिकेंतलीं. असल्या पाण्यानें खरूज, नायटे जातात असें म्हणतात. गंधकाचें मलम खरजेवर चालतें हें खरें. परंतु एका बुडीनें रोग जाईल अशा भरंवशावर कोणी राहूं नये, आणि हृदयविकार असलेल्या वडील माणसांनीं तर कढत पाण्यांत फार वेळ बसूंच नये. अंग मात्र असें सैल पडलें कीं, घाटांतल्या वळणांनीं आंबलेली माझी पाठ तासाभरांत पूर्ववत् झाली.

थोरल्या काकूंना आम्हीं बरोबर चला म्हटलें होतें. त्या नाहीं म्हणाल्या. “मला घरचें पाणी पुरतें हो.”

थोरल्या काकू म्हणजे यजमानांच्या चुलतीबाई. वय एक्याऐंशी. काका जाऊन सोळा वर्षें झालीं. घरांत आतां विजेवर पाणी तापविणारें यंत्र आहे, पांढऱ्या फरशांची नवी मोरीही आहे. पण दिवाळीचें अभ्यंग जुन्या न्हाणींतच व्हावयाचें, हा काकूंचा दंडक. ही न्हाणी मागील पडवीच्या टोकाला आहे. जांभ्या दगडाच्या भिंती धुरानें काळ्या झालेल्या, कोपऱ्यांत चूल, चुलीवर कायमचें बसविलेलें तांब्याचें भाणें, समोर न्हावयाचा दगड. पायाखालचें पाणी पन्हळींतून अळवाच्या वाफ्यांत जातें आणि तेथून केळींच्या बुंध्याशीं. साबणाचें पाणी अळवाला मानवत नाहीं, असें काकू म्हणतात. चुलींत माडाच्या झावळ्या आणि सोडणें. त्या धुराचा वास पाण्याला लागतो, आणि त्या वासावांचून दिवाळी झाली असें आमच्या घरांत कोणाला वाटत नाहीं.

त्याच दिवशीं दुपारीं काकूंनीं उटण्याचें सामान काढलें. चार वाट्या मसुरीचें पीठ, अर्धी वाटी आंबेहळद, पाव पाव वाटी नागरमोथा आणि कचोरा, मूठभर वाळा, वाळविलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. सर्व कुटून वस्त्रगाळ केलेलें. चंदन मात्र आयत्या वेळीं सहाणेवर उगाळावयाचें. मुलगी वहींत लिहून घेत होती. तिनें विचारलें, “आजी, बावची नाहीं घालायची?”

काकूंनीं चाळणी खालीं ठेविली. “बावची? तुला कोणी सांगितलें गो?”

मग मागच्या वर्षींची हकीकत निघाली. पुण्यांत एका दुकानांतून तिनें उटण्याचें पाकीट आणिलें होतें, अर्थात् ‘नैसर्गिक’. सकाळीं तें अंगाला चोळलें, वरवर धुतलें, आणि भर उन्हांत दिवसभर दुचाकीवरून हिंडली. दुसऱ्या दिवशीं मान आणि दंड लालबुंद. पुढें काळे डाग पडले, ते जावयास चार महिने लागले. घटकद्रव्यांच्या यादींत बावची होती. काकूंनीं शाळा चौथीपर्यंतच केलेली, पण त्या म्हणाल्या, “अगो, बावची कोडावर लावतात आणि रोग्याला उन्हांत बसवितात. कातडीचा रंग फिरावा म्हणूनच ती असते. ती लावून तूं गांवभर फिरलीस!” आमच्या डॉक्टरांनींही नेमकें हेंच सांगितलें होतें, शब्द तेवढे निराळे: बावचींत सोरालेन जातीचीं द्रव्यें असतात, आणि सूर्यप्रकाश मिळाला कीं तीं त्वचा भाजून काढतात. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हांत जाणाऱ्या मुलींचेंही असेंच होतें. कोणतेंही नवें उटणें किंवा लेप आदले दिवशीं कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावा, ही काकूंची रीत आहे. खाज सुटली तर तें केळींना घालावें, म्हणतात.

नरकचतुर्दशी रविवारीं, 12 नोव्हेंबरला होती. तीन वाजतां मला जाग आली तेव्हां न्हाणींत जाळ दिसत होता आणि काकू भाण्यांत पाणी ओतीत होत्या. घरांत आम्ही तेरा माणसें. चंद्रोदय झाल्यापासून एकेकाला पाटावर बसवून तिळाचें कोमट तेल लावणें सुरू झालें. आधीं टाळूवर, मग कानांमागें, मग पाठीवर, शेवटीं तळपायांना. वाग्भटानें अष्टांगहृदयांत डोकें, कान आणि पाय ह्यांना तेल विशेषेंकरून लावावें असें सांगितलें आहे, आणि ऊन पाणी डोकीवर घेऊं नये, त्यानें केसांचें व डोळ्यांचें बळ जातें, असेंही. काकूंनीं वाग्भट पाहिलेला नाहीं. पण डोकीसाठीं त्या कोमट पाण्याचें घंगाळ वेगळें ठेवतात. तेल थोडा वेळ मुरूं द्यावयाचें, मग उटणें. तें जास्तीचें तेल ओढून घेतें, म्हणून साबण लागत नाहीं. केंसांना शिकेकाई, आवळकाठी आणि रिठे ह्यांचा काढा, डोळे मिटून.

पुरुषमंडळी कारीट फोडून फराळास बसली. मुलें झालीं, सुना झाल्या, मी झालें. शेवटीं माझी मुलगी पाटावरून उठली, आणि ओले केंस पिळतांना सहज म्हणाली, “आजी, आतां तुम्हांला कोण लावणार?”

“मला गो कशाला? मी घेतें मागाहून दोन तांबे.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. तीस वर्षें मी त्या पाटावर बसत आलें होतें. काकूंची बोटें माझ्या टाळूवर फिरलीं, माझ्या बाळंतपणांत त्यांनीं मला शेक-शेगडी केली, आणि त्यांना तेल कोण लावतें हा प्रश्न माझ्या मनांत एकदांही आला नव्हता. खरें म्हणजे उत्तर ठाऊक होतें, म्हणूनच प्रश्न आला नसावा. काका होते तोंवर ह्या दिवशीं सासूबाई त्यांना तेल लावीत. पुढें सासूबाई गेल्या, काका गेले; आणि मग विधवा बाईला सणाचें तेल कोणीं लावावें, ह्या विषयावर घरांत चकार शब्द न निघतां तें बंदच झालें.

मोठ्या जाऊबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. मीं पाट धुऊन पुन्हां मांडला. “काकू, बसा.” त्यांनीं आढेवेढे घेतले, पाणी निवलें, फराळाचें राहिलें, लोक काय म्हणतील. मुलीनें चुलींत सोडणें सारलीं आणि त्यांचा हात धरला. तेव्हां त्या बसल्या.

त्यांचे खांदे इतके लहान असतील असें मला वाटलें नव्हतें. तेल हातावर घेतलें आणि काय करावें तें क्षणभर सुचेना. “जरा दाबून लाव गो,” त्या म्हणाल्या, “हात फार हलका तुझा.” जाऊबाईंनीं उटणें लाविलें. मुलगी पायांशीं बसली. तळपायांना एवढ्या भेगा, कीं तिनें आपली साखरेची बरणी आणिली होती ती उघडलीच नाहीं. मीठ झोंबेल हें तिच्या ध्यानांत आलें. तिनें वज्री घेतली आणि हलक्या हातानें टाचा घांसल्या. मग काकूंनींच सांगितल्याप्रमाणें कोकमतेलाचा गोळा पळींत घेऊन निखाऱ्यावर वितळविला आणि तें कोमट झाल्यावर थेंब थेंब भेगांत सोडला. हें तेल कोकमाच्या बियांचें. गार झालें कीं मेणासारखें घट्ट बसतें, त्यामुळें भेग बुजून राहते. शहरांत हेंच सुंदर डबींत घालून कितीतरी महाग विकतात.

ओवाळावयास निरांजन आणिलें तेव्हां मात्र काकूंनीं हात आडवा केला. “तेवढें नको.” मीं आग्रह केला नाहीं. करावयास हवा होता कीं नाहीं, ह्यावर जाऊबाईंचें व माझें अजून एकमत झालेलें नाहीं. निरांजन न्हाणीच्या कोनाड्यांत ठेविलें. पाणी ओतून होईपर्यंत तें तेथें जळत होतें.

उन्हें वर आल्यावर काकू ओटीवर केंस वाळवीत बसल्या आणि त्यांनीं मुलीच्या बरण्या एकेक करून उघडून पाहिल्या. मुलतानी माती पसंत पडली. कोरफड आपल्या कुंपणाला असतांना विकत कशाला आणिली, असें विचारून झालें. साखरेच्या बरणीचा वास घेऊन त्या म्हणाल्या, “हें लाडवांना चालेल का गो?”

भाऊबीज करून आम्ही निघालों. त्यांनीं उटण्याची पुरचुंडी मुलीच्या हातीं दिली आणि गाडीच्या खिडकीशीं वांकून मला म्हणाल्या, “पुढल्या वर्षीं वसुबारसेलाच या. आणि पाणी तीनला नको हो, चारला तापवूं. मला आतां न्हायला बसायचें तर झोंप पुरी व्हायला हवी.”