बिनविजेची बैठक

कोजागिरीच्या रात्रीं लक्ष्मी घरोघर फिरून कोण जागें आहे असें विचारते, ही समजूत आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. २०१२ सालीं ही पौर्णिमा २९ ऑक्टोबरला आली, आणि त्या रात्रीं लक्ष्मी अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत फिरली असती तर निजलेला मनुष्य तिला क्वचितच आढळला असता. 'सँडी' हें वादळ सायंकाळीं साडेसातच्या सुमारास ब्रिगंटाइन गांवाजवळ किनाऱ्यावर चढलें. या भागांतील वादळें बहुधा कडेकडेनें उत्तरेस जाऊन पुढें पूर्वेकडे समुद्रांत निघून जातात. यास मात्र ग्रीनलंडच्या बाजूस ठाण मांडून बसलेल्या हवेच्या अधिक दाबानें तो रस्ता बंद केला, आणि तें डावीकडे वळून सरळ आमच्या अंगावर आलें. त्यांत पौर्णिमेचें उधाण. ज्या चंद्राकरितां आम्ही दरवर्षीं दूध आटवितों, त्यानेंच या वेळीं समुद्रास हात दिला! मॅनहॅटनच्या दक्षिण टोकास पाणी ओहोटीच्या पातळीपासून सुमारें १४ फूट चढलें. सँडी हूक येथील पाणी मोजण्याचें यंत्र तर कळस होण्यापूर्वींच बंद पडलें. राज्यांतील सुमारें २७ लक्ष ग्राहकांची वीज गेली. एडिसन येथील आमचें घर त्यांतच होतें.

घरांतील शांतता मात्र त्यापूर्वींच गेली होती. अध्यक्षाच्या निवडणुकीनें दोन महिने आमचीं जेवणें बेचव करून टाकलीं होतीं. आमचे थोरले बंधू दादा त्याच वर्षीं अमेरिकेचे नागरिक झाले होते, व हें त्यांचें तेथील पहिलेंच मत. ऋण म्हणून काढावयाचें नाहीं हा त्यांचा जन्माचा बाणा. सरकारी कर्जाचे आंकडे ऐकून त्यांनीं मिट रॉम्नी यांस मत देण्याचें ठरविलें होतें. उलटपक्षीं आमचे तीस वर्षांचे स्नेही तात्या हे बराक ओबामा यांचे कट्टर पुरस्कर्ते. आजाऱ्यास विमा नाकारतां येऊं नये असा कायदा २०१० सालीं ज्यानें केला, त्यास मत न देणारा मनुष्य त्यांच्या मतें निर्दय तरी असला पाहिजे, नाहीं तर अडाणी. ३ ऑक्टोबरला डेन्व्हर येथें उमेदवारांचा पहिला जाहीर वाद झाला, त्याच रात्रीं आमच्या दिवाणखान्यांत या दोघांचाहि झाला.

"तात्या, तुमच्याशीं बोलण्यांत अर्थ नाहीं."

"मग बोलूं नका, दादासाहेब."

एवढ्यावर येणेंजाणें थांबलें. यांतील गंमत अशी कीं, न्यू जर्सीनें १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकींत डेमॉक्रॅटिक पक्षासच कौल दिला होता, आणि जिंकणाऱ्यास राज्याचीं सर्वच्या सर्व १४ मतें मिळतात. म्हणजे या दोन वृद्धांनीं मत दिलें काय आणि न दिलें काय, देशाच्या गाड्याचें चाक रेसभरहि इकडचें तिकडे होणार नव्हतें. असा हिशेब त्यांस समजावून सांगण्याचें धाडस मात्र घरांत कोणासच झालें नाहीं.

तात्यांचें घर सेयरव्हिल येथें नदीच्या सखल कांठीं. ३० तारखेस सकाळीं ते व त्यांच्या पत्नी दोन पिशव्या घेऊन आमच्या दारांत उभे राहिले. दार दादांनीं उघडलें. त्यांनीं वहिनींच्या हातांतील पिशवी घेतली, आपल्या खोलींतील अंथरूण काढून दिवाणखान्यांत आणलें आणि खोली पाहुण्यांस दिली. हें सर्व एक अक्षर न बोलतां.

दोन दिवसांनीं पाणी ओसरल्यावर आम्ही तात्यांबरोबर तें घर पाहावयास गेलों. तात्यांची खरी मालमत्ता तळघरांत होती. भारतांतून जो जो गवई या बाजूस येई, त्याच्या घरगुती बैठकी त्यांनीं तीस वर्षें ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सहाशेंवर फिती, प्रत्येकीवर राग, ताल, तिथि, यजमान यांची नोंद त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरांत. बैठक कोठेंहि असो, तात्या आपलें यंत्र घेऊन गवयाच्या डाव्या बाजूस बसावयाचे. नजर कांट्यावर, हात कळेवर. कोणी मोठ्यानें दाद दिली कीं हे ओठांवर बोट ठेवून त्यास दटावीत. त्यांच्यामुळें कित्येक बैठकी देवळासारख्या शांत झाल्या, आणि खरें सांगावयाचें तर थोड्या थंडहि झाल्या. आतां त्या फितींवर खारें पाणी आणि भट्टीचें तेल यांचा चिखल बसला होता. तात्यांनीं एक डबी उघडली, पाणी निथळूं दिलें, आणि झांकण पुन्हां नीट लावून ती जागच्या जागीं ठेवली.

२ नोव्हेंबरच्या रात्रीं वादळग्रस्तांच्या साहाय्यार्थ दूरचित्रवाणीवर गायनाचा मोठा कार्यक्रम झाला. ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि जॉन बॉन जोव्ही हे याच भूमीचे सुपुत्र त्यांत गायले. ज्यांच्याकरितां हें गाणें, त्यांपैकीं लाखोंच्या घरीं तें दिसण्याची सोय नव्हती. आम्हीं त्याची हकीकत मागाहून ऐकली. राज्यपाल ख्रिस ख्रिस्टी हे रॉम्नींच्या पक्षाचे, पण स्प्रिंगस्टीन यांच्या शंभरांवर मैफली ऐकलेले भक्त. स्प्रिंगस्टीन ओबामांच्या प्रचारसभांतून गाणारे. त्यांनीं या भक्ताकडे वर्षानुवर्षें ढुंकून पाहिलें नव्हतें. त्या रात्रीं दोघांनीं एकमेकांस आलिंगन दिलें, आणि ५ तारखेस ओबामांनीं विमानांतून ख्रिस्टी यांस फोन करून तो स्प्रिंगस्टीन यांच्या हातीं दिला. हा निवडणुकीचा डाव होता असें दादांचें मत. असेलहि, परंतु भक्ताचा आनंद खोटा होता असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्याकडे पुण्याच्या एक गायिका बाई वादळाच्या आदल्या दिवसापासून अडकल्या होत्या. ३ तारखेस शनिवारीं एका शाळेच्या सभागृहांत त्यांचें गाणें ठरलें होतें. तें रद्द झालें. बाई म्हणाल्या, "घरीं आहेतच ना माणसें? मी गातें." त्याच दिवशीं दुपारपासून राज्यपालांच्या हुकुमानें बारा जिल्ह्यांत पेट्रोल सम-विषम अंकांप्रमाणें मिळूं लागलें होतें. ३ तारीख विषम, म्हणून आमच्या बैठकीस श्रोतेहि बहुतेक विषम अंकांच्या गाड्यांचेच. सम अंकांचे दोघे तीन मैल चालत आले. तबलजी सम अंकाचे व तीस मैलांवर राहणारे, तेव्हां तबला नाहीं. बाईंची विजेची तंबोऱ्याची पेटी मुकी झालेली. शेवटीं वीस वर्षें भिंतीवर शोभेकरितां टांगलेला मिरजेचा तंबोरा आम्हीं खालीं उतरविला. धूळ पुसली, तारा बदलल्या, जव्हारीचे दोरे बाईंनीं स्वतः घातले. खोलींत एवढी थंडी कीं बाई शालीबाहेर केवळ हात काढून बसल्या. आणि वीसपंचवीस माणसांच्या श्वासानें हवा ऊबदार होऊं लागतांच तारा उतरल्या. तीन वेळां जुळवावें लागलें. कोणी कुरकुर केली नाहीं, कारण कोणास कोठें जावयाचेंच नव्हतें.

यमन सुरू झाला. ध्वनिक्षेपक नसल्यामुळें बाईंनीं आवाज चढविला असेल असें कोणास वाटेल, पण झालें उलटेंच. त्यांनीं तो इतका खालीं आणला कीं आम्हीच सर्व पुढें सरकून बसलों. शीतपेटीची घरघर नाहीं, भट्टीचा फुत्कार नाहीं, रस्त्यावर गाडी नाहीं. मंद्र सप्तकांतील निषाद, जो सभागृहांत एरवीं आम्ही अंदाजानें ऐकतों, तो येथें छातींत ऐकूं येत होता. ठेका नव्हता म्हणून आलापी लांबली, आणि आमच्या मतें तें फार उत्तम झालें. षड्जास हुलकावण्या देत बाई निषादावर किती वेळ रेंगाळल्या कोण जाणे. तात्या संवयीनें त्यांच्या डाव्या बाजूसच बसले होते. त्यांचा उजवा हात प्रथम मांडीजवळ कांहीं चांचपीत होता. मग तो थांबला. आणि अखेर तार षड्ज लागला तेव्हां "अहाहा!" अशी खणखणीत दाद त्या काळोखांत तात्यांनीं दिली. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ती कोणी ऐकली नव्हती. त्याच क्षणीं समोरच्या भिंतीपाशीं दादांच्याहि तोंडून तोच उद्गार निघाला. समईच्या उजेडांत दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें आणि पाहून पुन्हां बाईंकडे वळले.

समेट झाला असें कोणीं समजूं नये. ६ तारखेस सकाळीं दादांनीं चहा घेतांना भिंतीकडे पाहून विचारलें, "सेयरव्हिलला मतदानास जावयाचें असेल ना?" तात्यांची गाडी पाण्यांत बुडालेली, आमच्या गाडींत पाव टांकी पेट्रोल. दादांनीं आपलें मत दिलें, मग तात्यांस नेऊन त्यांचें द्यावयास लावलें. तासभर रांगेंत उभें राहून एकानें दुसऱ्याचें मत काटावयाचें, आणि त्याकरितां घरांतील उरलेलें पेट्रोल जाळावयाचें! सुनबाई हंसूं लागल्या, परंतु आम्हांस हंसूं आलें नाहीं. बाईंच्या गाण्यास पंचवीसांऐवजीं चोवीस माणसें असतीं तर काय बिघडलें असतें? तरी तीन मैल चालत आलेल्या त्या दोघांस हा प्रश्न सुचला नव्हता.

ओबामा ३३२ विरुद्ध २०६ मतांनीं निवडून आले. ७ तारखेस बर्फ पडलें. आमच्या गल्लींत वीज ९ तारखेस, म्हणजे अकराव्या दिवशीं आली, आणि सर्व यंत्रें एकदम बोलूं लागलीं.

तात्यांचें घर पुढें राज्य सरकारच्या 'ब्ल्यू एकर्स' योजनेंत विकत घेऊन पाडण्यांत आलें. पुरानें वारंवार बुडणारीं घरें या योजनेंत घेतात व जागा मोकळी ठेवतात. तेथें आतां गवत आहे. फिती टाकण्यास तात्यांबरोबर दादा गेले होते. डब्यांवरील नोंदी ते एकेक मोठ्यानें वाचीत व मग डबी पिंपांत टाकीत, त्यामुळें चार तासांच्या कामास दोन दिवस लागले. सहाशेंपैकीं पांच फिती मात्र वांचल्या. त्या दादांनीं कधीं काळीं ऐकावयास नेल्या होत्या व परत केल्या नव्हत्या. त्यांपैकीं एकींत गाणें ऐन रंगांत असतां कोणीतरी "वाहवा!" म्हणून ओरडतो व लगेच तात्यांचें रागावलेलें "श्शू!" ऐकूं येतें. ओरडणारा आवाज दादांचा आहे.