झाकली मूठ

युद्ध ऐन भरात असताना, देशरक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेनेच लग्न आणि लग्नाबाहेरचं प्रेम या विषयावर सिनेमा काढावा, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. साल १९१७, शहर इस्तंबूल, सिनेमा 'पेन्चे', म्हणजे पंजा. दिग्दर्शक सेदात सिमावी जेमतेम एकविशीचा. पुढे 'हुर्रियेत' हे दैनिक काढलं तोच. मूळ नाटक मेहमेत रऊफचं. पंजा कुणाचा म्हणायचा, लग्नाचा की वासनेचा? प्रिंट उरलेली नाही, त्यामुळे मोकळं रान.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही म्हण मला कधीच सरळ वाटली नाही. किंमत ठरवली कुणी? मूठ झाकणाऱ्यानेच ना? आणि वरचा पाव कशाला? नुसतं लाख म्हटलं असतं तर हिशेब वाटला असता. सव्वा आला की कार्य शुभ होतं, मग मोजून कोण बघणार? आहेराच्या पाकिटावरचा तो चिकटवलेला रुपयाही असाच. संसारांचा भाव आपण याच दराने लावतो की काय, कोण जाणे. या सिनेमात तर पडद्यावरचे चेहरेही झाकलेलेच. मुस्लिम बाईने कॅमेऱ्यासमोर येण्याची तेव्हा सोय नव्हती. बायकांच्या भूमिका आर्मेनियन नट्या करत. तुर्की मुस्लिम स्त्रिया पडद्यावर आल्या त्या १९२३ मध्ये.

पण याच रऊफची 'एयलूल' कादंबरी (१९०१) हाताशी आहे, आणि तीच पाठ सोडत नाही. सुआत विवाहित, सुरेय्या तिचा नवरा, नेजिप घरी येणारा-जाणारा. नेजिप तिचा एक हातमोजा लपवून ठेवतो. बस, एवढाच व्यभिचार. हातमोजा म्हणजे तरी काय, मूठ निघून गेल्यावर उरलेलं झाकण. शेवटी घराला आग लागते, सुआत आत अडकते. नेजिप आत धावतो, सुरेय्या बाहेर राहतो. दोघं जळून जातात.

लोक सुरेय्याला भित्रा म्हणतील. मला तसं म्हणवत नाही. पेटत्या घरात शहाणा माणूस शिरत नाही, आणि संसार तर शहाण्या माणसांच्याच जिवावर चालतात. मग नेजिप गेला तो प्रेमापोटी, की आता लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून? आणि सुआतने दारातून येणारा माणूस पाहिला तेव्हा तिला कोण हवा होता?