‘धिस’ म्हणजे कोण, भो?

जॉबला लागून तीन महिने झाले होते. मी बनवलेल्या स्क्रीनवर एम्प्लॉयीचं नाव टाकायचं, सेव्ह करायचं... आणि नावाच्या जागी ‘नल’! कन्स्ट्रक्टरमध्ये साधी ओळ होती, ‘नेम = नेम’. कंपायलर गप्प. एक्लिप्स पिवळी खूण दाखवत होतं, पण पिवळ्या खुणा कोण बघतं यार?

टीम लीडनं मागून येऊन डावीकडे ‘धिस’ आणि एक टिंब टाइप केलं आणि चहाला निघून गेला. बग गेला. का गेला, ते मला कळलं नाही. इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं उत्तर होतंच, ‘धिस म्हणजे करंट ऑब्जेक्ट’. पण करंट म्हणजे कुठला, राव?

कळलं ते प्रकाशाला. आप्पा गेले त्या वर्षी. शहादा तालुक्यातलं गाव, तापी-गोमाईचा संगम, आम्हा खान्देशवाल्यांची दक्षिणकाशी. घाटावर पाच-सहा घरची माणसं ओळीनं बसलेलो, गुरुजी एकच. ‘अस्मत् पिता म्हणा... आता वडिलांचं नाव घ्या.’ शेजारचे गृहस्थ खणखणीत आवाजात ‘पुंडलिक’ म्हणाले आणि त्यांच्यामागोमाग मीही... ‘पुंडलिक’!

काकांनी कोपर मारलं. ‘‘आपला आप्पासनं नाव ले ना, भो!’’

जवळचा आवाज आपलं नाव झाकून टाकतो. जावातही तेच. कन्स्ट्रक्टरच्या आत ‘नेम’ म्हटलं की बाहेरून आलेलं पॅरामीटर ओ देतं, ऑब्जेक्टचं स्वतःचं ‘नेम’ त्याच्यामागे लपतं. म्हणजे ‘नेम = नेम’ लिहून मी पाहुण्याचं नाव पाहुण्यालाच दिलं होतं; घरची पाटी कोरीच. काकांचं ‘आपला’ म्हणजे ते ‘धिस’.

आणि करंट कोण? गुरुजींची पोथी एकच, म्हणजे क्लास. त्यातलं ‘अस्मत्’ जो म्हणेल त्याचं. सहा जण म्हणाले, सहा वेगळे वडील. नुसत्या मिटलेल्या पोथीतल्या ‘अस्मत्’चा बाप कोण? कोणीच नाही. म्हणून तर स्टॅटिक मेथडमध्ये ‘धिस’ लिहिलं की कंपायलर अडवतो, तिथे बसलेलंच कुणी नसतं.

हे सगळं सुचलं परतीच्या एसटीत. घाटावर तेव्हा गुरुजी थांबले होते. आप्पांचं नाव मी रोज फॉर्मवर स्वतःच्या नावाच्या मधोमध लिहितो, पण मोठ्यानं, एकटं, कधी घेतलं नव्हतं. पहिल्यांदा आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा म्हणालो. गुरुजींनी पळीभर पाणी सोडायला सांगितलं आणि पुढचा मंत्र सुरू केला.