धारपांवरचा खटला मागे घेताना

नारायण धारपांची पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात असू नयेत, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. पुण्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते, पुस्तकखरेदीच्या समितीवर होते, आणि यादीत धारपांचं नाव आलं की त्यावर काट मारायला मीच पुढे असे. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते का बदललं हे नीट सांगायला हवं, कारण ते मत उथळ नव्हतं आणि ज्या काळजीपोटी ते आलं होतं, ती काळजी मी आजही सोडलेली नाही.

धारप (1925–2008) पुण्याचे. 100हून अधिक पुस्तकं, बहुतेक भय आणि गूढाची. मधूनच 'नेनचिम'सारखी विज्ञान कादंबरी. पण वाचकांच्या जिवाचा सखा म्हणजे त्यांचा समर्थ. नोकरी करणाऱ्या, हप्ते भरणाऱ्या, मुलांच्या परीक्षांची काळजी वाहणाऱ्या माणसांच्या घरात काहीतरी अमानवी शिरतं. घरातल्यांचे सगळे उपाय थकतात. मग कुणीतरी समर्थांपर्यंत पोचतं, आणि समर्थ येतात. सोबत आप्पा जोशी. शहरातले मांत्रिक आणि शहरात उतरलेले सैतान हा प्रकार आज इंग्रजीत 'अर्बन फँटसी' या नावाने धो धो खपतो. मराठीत धारपांनी तो कितीतरी आधी, मालिका म्हणावी इतका सलग लिहून ठेवला. पेठांतल्या वाचनालयांत ही पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरली.

माझा आक्षेप असा होता. ज्या राज्यात करणी, भानामती, मूठ मारणे हे शब्द गोष्टीत नाही तर पोलिसांच्या फिर्यादीत सापडतात, नंदुरबारकडच्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचं जगणं नकोसं केलं जातं, तिथे मुलांच्या हाती असलं साहित्य का द्यायचं? त्यातून नायकाचं नाव समर्थ. मराठी मुलाच्या मनात त्या नावाबरोबर सज्जनगड येतो, अक्कलकोट येतं. म्हणजे घरातल्या श्रद्धेचा आधार घेऊन राक्षस खरे करून दाखवायचे. मी वर्गात कार्यकारणभाव शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत ग्रंथालयाने तो पुसून टाकायचा, हे मला पटत नव्हतं.

20 ऑगस्ट 2013च्या सकाळी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर हत्या झाली. त्या दिवसाबद्दल मला आजही सलग बोलता येत नाही. कित्येक वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. त्यानंतर माझं धारपांविषयीचं मत अधिकच कडक झालं. ज्या शहरात असा माणूस मारला जातो, त्या शहरातल्या शाळेने मांत्रिकाच्या गोष्टी ठेवाव्यात, हा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

मत बदलायला सुरुवात झाली ती त्याच कायद्यामुळे. मोठ्या मुलांना तो समजावून सांगायचा म्हणून मी तो मुळातून वाचायला बसले. कलमं थोडी आहेत. खरा ऐवज आहे तो शेवटच्या अनुसूचीत. तिथे बारा मुद्दे आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. तथाकथित चमत्कार करून त्यातून पैसे मिळवणं. अमक्यामुळे गुरं आटली, तमक्यामुळे रोगराई आली असं सांगून एखाद्याला सैतान ठरवणं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या यादीत कल्पना कुठेच नाही. आहे ती कृती, फसवणूक, इजा आणि दहशत. भूत आहे की नाही या वादात कायदा पडतच नाही. भुताचं नाव पुढे करून तुम्ही जिवंत माणसाचं काय केलंत, एवढंच तो विचारतो. ज्या कायद्यासाठी दाभोलकरांनी उमेदीची वर्षं वेचली, तो इतका नेमका आहे. मी मात्र त्यांच्याच बाजूची म्हणवून घेत एका कथालेखकाला आरोपी करून बसले होते.

मग मी धारप वाचायला घेतले. आधीही वाचले होते, पण पुरावा गोळा करायला. या वेळी वाचक म्हणून वाचले.

पहिली गोष्ट जाणवली ती घरांची. धारपांची भीती स्मशानात क्वचित राहते. ती राहते भाड्याच्या खोलीत, नुकत्याच घेतलेल्या जुन्या वास्तूत, बंद ठेवलेल्या माडीवर. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्याखाली गेले. हजारो कुटुंबं पिढ्यान् पिढ्यांची जागा सोडून गोखलेनगर, सहकारनगरसारख्या नव्या वस्त्यांत गेली. पुढे पानशेतच्या पुराने न बुडवलेले वाडेही एकेक करून पडले, फ्लॅट उभे राहिले. ज्या भिंतींआड आपण झोपतो त्यांचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नाही, ही अस्वस्थता त्या पिढीच्या पुण्यात घरोघर होती. धारपांनी पुराबद्दल लिहिलं असं मी म्हणत नाही. पण परक्या घरात पहिली रात्र काढणाऱ्या माणसाच्या मनाची त्यांना जी ओळख आहे, ती मराठीतल्या फार थोड्या वास्तववादी लेखकांना आहे.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची. समर्थकथेत घाबरलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जातं. घाबरलेली सून असो, मूल असो, समर्थ त्याला बसवतात, सगळं पहिल्यापासून सांगायला लावतात, मध्ये तोडत नाहीत, आणि वेड्यात काढत नाहीत. बुवाच्या दरबारात नेमकं उलटं चालतं. तिथे घाबरलेल्या माणसालाच आरोपी केलं जातं: तुझंच काही चुकलं, तूच कुणाचं तरी वाईट चिंतलंस, आता एवढं एवढं आणून दे. मी वाचलेल्या कथांत समर्थ दक्षिणा मागताना दिसत नाहीत, मठ बांधत नाहीत, गर्दी जमवत नाहीत. काम झालं की निघून जातात. असा मांत्रिक वाचून मोठ्या झालेल्या मुलाला खरा बुवा भेटला, तर त्याला तो अपुरा आणि लोभी वाटण्याची शक्यताच अधिक. हे मी कुठल्या पाहणीच्या आधारे म्हणत नाही. माझ्या ओळखीतल्या धारपवेड्यांत गंडेदोरे बांधणारे मला फारसे दिसले नाहीत, एवढंच.

परदेशातली अशी एक मालिका मी याच काळात वाचली, जोनाथन स्ट्राउडची बार्टिमियस नावाच्या जिनीची. पहिलं पुस्तक 2003चं. त्यातल्या लंडनवर जादूगारांचंच राज्य आहे. मंत्री जादूगार, पंतप्रधान जादूगार, आणि गंमत म्हणजे त्यांच्या अंगी स्वतःची शक्ती काडीचीही नाही. वेठीला धरलेले जिनी आणि राक्षस राबतात म्हणून यांचं साम्राज्य उभं आहे. पुस्तक मिटताना वाचकाची सहानुभूती गुलाम राक्षसाकडे असते आणि राग सत्ताधाऱ्यांवर. जादूच्या गोष्टीतून मुलाला सत्तेविषयी इतकं शिकता येतं, हे मला नागरिकशास्त्राच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात दिसलं नव्हतं. 'तुंबाड' (2018) पाहताना तेच झालं. राही अनिल बर्वेंना त्या चित्रपटाचं बीज धारपांच्या एका कथेतून मिळालं. गावाचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीच्या नावातून. त्यातला विनायक पुण्यात संसार थाटतो आणि पैसे संपले की तुंबाडला जाऊन हस्तर या शापित देवाच्या लंगोटातली सोन्याची नाणी चोरून आणतो. प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या कुणाला हस्तरची पूजा करावीशी वाटली असेल असं मला वाटत नाही. लोकांच्या बोलण्यात होता तो हव्यास, आणि बापाने पुढे केलेली ती संपत्ती नाकारणारा मुलगा.

आणि मला माझाच वर्ग आठवला. पोटॅशियम परमँगनेटच्या ढिगावर ग्लिसरीनचे थेंब टाकून मी दर वर्षी काडीशिवाय होम पेटवून दाखवत असे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हेच करतात. जिभेवर कापूर पेटवतात, पाणी शिंपडून नारळातून जाळ काढतात. आधी थरार, मग उलगडा. थराराशिवाय उलगडा ऐकायला कुणी थांबत नाही. पुण्याने तर जादूगार रघुवीर आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे प्रयोग डोक्यावर घेतले. समोरचा माणूस अशक्य ते करतो आहे हे डोळे सांगत असतात, यामागे हातचलाखी आहे हे मन सांगत असतं, आणि प्रेक्षक दोन्ही एकाच वेळी धरून टाळ्या वाजवतो. प्रयोगानंतर रंगमंचामागे जाऊन कुणी रघुवीरांकडे आजार बरा करा म्हणून साकडं घालत नसे. ही शहाणीव सरावाने येते. गोष्ट वाचणाऱ्या मुलात ती असते, हे मी मानायला तयार नव्हते.

एका ठिकाणी मात्र मी अजून अडखळते. धारपांच्या एका पुस्तकाचं नावच 'चेटकीण' आहे, आणि 'तुंबाड'ला बीज देणाऱ्या कथेचं नाव 'आजी'. अंथरुणाला खिळलेली, जख्ख म्हातारी बाई हे भयाचं घर, ही कल्पना धारपांची एकट्याची नाही. स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेतही ती आहे, आणि किंगच्या 'सेलम्स लॉट'ची छाया धारपांच्या 'लुचाई'वर उघड आहे. उसनं घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अमेरिकेतून आलेली ती म्हातारी आपल्याकडे उतरली की तिला वेगळं वजन येतं. आपल्याकडे एकाकी, विधवा, थोडी जमीन नावावर असलेल्या बाईला चेटकीण म्हटलं की तिची जमीन मोकळी होते. ही माहिती जवळ नसलेल्या मुलाने ती कथा वाचावी का? माझं उत्तर आता असं आहे की वाचावी, पण ही माहितीही त्याला द्यावी. चेटकीण म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जातं, तीच बाई गोष्ट सांगते आहे, अशी दमदार मराठी भयकथा मला वाचायची आहे. हा प्रकार गंभीरपणे हाताळणारे लेखक आज मराठीत आहेत. त्यांच्यातल्या कुणीतरी हे मनावर घ्यावं.

'सत्य घटनेवर आधारित' असं म्हणत भुतांचे कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिन्यांना माझा विरोध कायम आहे. तिथे गोष्ट संपते आणि दावा सुरू होतो.

निवृत्तीनंतर मी शाळेत ग्रंथालयाच्या तासाला जाते. धारपांची काही पुस्तकं मीच सुचवून घेतली. नुकतीच नववीच्या मुलांबरोबर एक समर्थकथा मोठ्याने वाचली, आणि दुसऱ्या तासाला कायद्याची अनुसूची वाटली. काम एवढंच होतं की कथेतल्या कुणावर कुठल्या मुद्द्याखाली गुन्हा नोंदवता येईल ते शोधायचं. खलनायकाचं चटकन ठरलं. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, समर्थांवर पण होईल ना? माझ्याकडे शक्ती आहे असं तेही म्हणतात." वर्ग उसळला. एकाचं म्हणणं, त्यांनी पैसे घेतले नाहीत. दुसरा म्हणाला, पैशाचा प्रश्न नाही, घाबरवलं का ते बघ. तिसरी अनुसूचीचा कागद वर धरून सांगत होती की डॉक्टरकडे जाऊ नका असं समर्थ म्हणालेच नाहीत, उलट घरात आधी डॉक्टर येऊन गेले होते. ज्या मुलीने प्रश्न काढला होता, ती हटेना. तिला समर्थांचा जबाब हवा होता. तास संपल्याची घंटा झाली तरी निकाल लागला नाही. पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंचे वकील नेमायचं ठरलं आहे, आणि समर्थांची बाजू मी मांडू नये, असं मुलांनी मला आधीच बजावलं आहे.