नोटेवरची सही

आमच्यापैकी पुष्कळांच्या आडनावांत कुलाबा जिल्ह्यातले गाव आहे. कुणी रोहेकर, कुणी पेणकर, कुणी नवगावकर. आता त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात. तिथल्याच एका मोठ्या माणसाची गोष्ट मुलांना सांगावी म्हणून हे चार शब्द.

आमच्या बाबांनी इस्रायलला येताना एक जुनी दोन रुपयांची नोट जपून आणली होती. तिच्यावर इंग्लंडच्या राजाचे चित्र आणि एक सही. बाबा म्हणायचे, "राजा राहू दे, सही बघा. आपल्या कुलाब्याच्या माणसाची आहे."

ती सही चिंतामणराव देशमुखांची. 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. 1912 साली मॅट्रिकला पहिले आले. पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले आणि 1918 साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले. मध्य प्रांत-वऱ्हाडात बरीच वर्षे अंमलदार होते. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, म्हणून नोटेवर सही. 1950 साली अर्थमंत्री झाले आणि 1952 साली आपल्या कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून गेले.

मग आले 1956 साल. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे दिल्लीत ठरले. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून त्याचे कारण सांगितले.

हे ऐकून आमच्या नातवाने हिब्रूत विचारले, "आजी, मग त्यांना दुसरी नोकरी मिळाली का?"

मिळाली रे बाबा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष झाले, 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1959 साली मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. पण खुर्ची सोडली तेव्हा पुढे काय होणार हे त्यांना कुठे ठाऊक होते?

नातू खेळायला गेला, आम्ही मात्र तिथेच बसून राहिलो. आम्ही नर्स होतो. एका रात्रपाळीला एक चूक झाली. चूक वरच्यांची, बोल मात्र एका नव्या पोरीवर आला. वॉर्ड आमच्या हाताखाली होता, आम्हांला सगळे माहीत होते. पण घरात मुले शिकत होती, पगार हवा होता. आम्ही गप्प बसलो. ती पोरगी रडत नोकरी सोडून गेली. खाली रिपोर्टावर सही आमचीच होती.

आजवर हे कुणाला सांगितले नव्हते. मुलांनो, चिंतामणरावांसारखे पहिले नंबर सगळ्यांना जमत नाहीत. पण आपली सही कशाखाली करायची, एवढे मात्र प्रत्येकाला ठरवता येते.

नोट आता आम्ही नातवाला दिली आहे.